गराडूनंतरचा अंक

परवा संध्याकाळी ऑफिसातून परतताना चौकातल्या कढईत गराडू पडल्याचा आवाज ऐकला. बटाट्याचे काप तेलात चुरचुरतात. गराडू पडला की कढई घसा खाकरते. हा जमिनीखालचा बेढब कंद थंडी पडल्याशिवाय इंदूरच्या रस्त्यावर येत नाही. एकदा तळतात, निवू देतात, पुन्हा तळतात, वर तिखट-आंबट मसाला भुरभुरवून लिंबू पिळतात. बाहेरगावच्या पाहुण्याला तो सुरणाचा गावठी चुलतभाऊ वाटतो. आम्हाला मात्र त्याच्या वासावरून कळतं की कपाटातले स्वेटर काढायचे आहेत आणि नाटकाच्या तालमी सुरू करायच्या आहेत.

मी द्रोण हातात घेतला, पहिला तुकडा तोंडात टाकला आणि खिशात फोन थरथरला. भंवरकुआंकडच्या मराठी मंडळाच्या नव्या सेक्रेटरीचा निरोप होता. ‘सादर प्रणाम. नवीन कार्यकारिणीतर्फे कळवण्यात येते की आपल्या नाटकाला आमचे सर्व सभासद इंटरवलपर्यंत अवश्य उपस्थित राहतील.’

इंटरवलपर्यंत. तो शब्द मी पुन्हा वाचला आणि मसाला घशातून नाकात गेला. गराडूवाला म्हणाला, “आराम से भिया, कोई छीन थोड़ी रिया है.” त्याला काय सांगणार? छीनतच होते. आमचा तिसरा अंक छीनत होते.

इथे पडदा जरा वर करायला हवा, नाहीतर मला एका शब्दावर ठसका का लागला ते कळायचं नाही. इंदूरात मराठी नाटक करणं सोपं आहे. त्याच्यासमोर माणसं बसवणं हा खरा प्रयोग. आमच्या लालबाग राजवाड्याकडच्या मंडळाचं नाटक असलं की अख्खं मंडळच नाटकात असतं. काही रंगमंचावर, काही पडद्यामागे, एक जण दिव्यांपाशी, दोघं त्याला चुकीच्या सूचना द्यायला, उरलेले इंटरवलच्या गराडूच्या कढईपाशी आणि गाड्या लावून घ्यायला. समोरच्या खुर्च्यांत उरतात त्या कानानं अधू झालेल्या आत्या आणि पेंगुळलेली बाळं. भंवरकुआंवाल्यांचंही अगदी हेच. म्हणून फार पूर्वी, कुणी ते आता कुणालाच आठवत नाही, ठरलं की तुमच्या नाटकाला आम्ही बसू आणि आमच्या नाटकाला तुम्ही बसा. आमच्याकडे ‘नाटक बघायला या’ असं कुणी म्हणतच नाही. ‘बसायला या’ म्हणतात. बघणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर, बसणं सक्तीचं. आणि बसणं म्हणजे शेवटपर्यंत: तिसरा अंक, अध्यक्षांचं भाषण आणि आभारप्रदर्शनातली ती मंडपवाल्यापासून माळ्यापर्यंतची यादी, सगळं धरून.

किती साधा करार. एका थंडीत दोन संध्याकाळी, एक आमची, एक त्यांची. नाटक वाईट असतं, हे दोन्हीकडे मान्य आहे. पण वाईट नाटकसुद्धा भरलेल्या खुर्च्यांसमोर केलं की माणूस वर्षभर ताठ चालतो. एवढंच एकमेकांना द्यायचं. आणि तरी दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी नवा उत्साही पदाधिकारी येतो आणि या करारात बोट घालतो. कारण पदाधिकारी दर वर्षी बदलतात. कुणाची बदली होते, कुणी मुलाकडे जातो, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन निघतं. मंडळ तेच, माणसं नवी. आमच्या पेटाऱ्यात इन्स्पेक्टरचा एक कोट आहे. मी पाहिल्यापासून तो चार जणांनी घातला. डांबरगोळ्या टाका, उन्हात घाला, त्याच्या बगलेतून अजून पहिल्या इन्स्पेक्टरच्या तंबाखूचा वास येतो. मंडळाचं पद तसंच आहे. अंगात चढवलं की आधीच्याचा घामही आपला. हे नव्याला सांगितलं की तो म्हणतो, “पण मी तर तंबाखू खात नाही.”

वैताग येतो म्हणजे असा येतो.

इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याची माणसं बरी. दिवाळी झाली की तिथे दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि फटाक्याची दारू भरलेली पेटती हिंगोटं, म्हणजे त्या रानफळाची पोकळ कवचं, एकमेकांवर फेकतात. फेकणारे दर पिढीत नवे. पहिलं कुणी फेकलं, कुणाचा सदरा जळला, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शेवटी गळाभेट घेतात आणि फोड आलेले हात घेऊन घरी जातात. आम्ही सुशिक्षित. आम्ही आग लावत नाही, आम्ही इंटरवलला उठतो.

काही वर्षांपूर्वीची ती थंडी अशीच एका उठण्यानं नासली होती. तिच्या आदल्या मोसमात भंवरकुआंवाल्यांच्या नाटकाला आम्ही बस करून गेलो होतो. बस ठरवली होती आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरीनं, परांजप्यानं. दोन अंक झाले, गराडू झाला, आणि परांजपे दारात उभा राहून ओरडला, “चला, बसवाल्याला दुसऱ्या बारातीला जायचंय.” आणि आम्ही, म्हणजे नाट्यकलेचे लालबागकडचे वारसदार, द्रोण टाकून मुकाट बसमध्ये चढलो. मागे त्यांचा तिसरा अंक सुरू झाला. त्यांचा नायक रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड होता. तिसऱ्या अंकात त्याला मरायचं होतं. नंतर कळलं की तो ओळीच्या ओळी रिकाम्या खुर्च्यांसमोर, तालमीत ठरल्याप्रमाणे, अगदी सावकाश मेला.

हे कसं विसरतील? त्यांनी विसरूही नये.

पण पुढल्या थंडीत आमच्या नाटकाची वेळ आली तेव्हा परांजपे बंगळूरला गेलेला होता. आमचे अध्यक्ष नवे होते, करमरकर साहेब, बँकेतून निवृत्त, मफलरलासुद्धा इस्त्री करणारे. तिकडचा रेल्वे गार्ड कंबर दुखते म्हणून घरी बसला होता आणि त्यांच्या अध्यक्षपदी आली होती केतकी नावाची तिशीतली मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, मूळची नागपूरची. ज्यानं अपराध केला तो नाही, ज्याचा केला तो नाही, आणि भांडण मात्र टवटवीत. ‘गराडू खाऊन उठायचं’ असा त्यांच्या सभेत ठराव झाल्याची बातमी आमच्याकडे आली.

आणि त्याच वर्षी आमच्या नाटकात नलूवहिनी होती.

ही माझ्या चुलतभावाची, दादाची बायको. शाळेत भूगोल शिकवायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून मंडळाच्या प्रत्येक नाटकाला ती पडद्यामागे होती: इंटरवलच्या चहाची प्रमुख. भल्या मोठ्या पातेल्यात आलं ठेचून घालणारी, नायिकेच्या साडीची पिन तोंडात धरून धावणारी, आणि विसरणाऱ्या नटाला चहाच्या ओट्यापासून त्याचं वाक्य ऐकवणारी. सगळी नाटकं तिला पाठ होती, काम एकाही नाटकात नव्हतं. त्या वर्षी तिला काम मिळालं. मकर संक्रांतीनंतर दादा आणि ती मुलाकडे बडोद्याला जायचे होते, कायमचे, घराचं सगळं ठरलं होतं. आमच्यापैकीच एकानं लिहिलेलं नाटक होतं. त्यात ती म्हातारी आई. दोन अंक ती रंगमंचावर चहा आणते, कप ठेवते, कप उचलते. कुणी तिच्याशी बोलत नाही, ती कुणाशी बोलत नाही. तिसऱ्या अंकात तिला कुणाकडे ठेवायचं यावर मुलांचं भांडण होतं, आणि मग ती बोलायला लागते ती पडदा पडेपर्यंत.

आलं ध्यानात? भंवरकुआंवाले गराडू खाऊन उठले असते, तर त्यांनी नलूवहिनीला चहा देताना पाहिलं असतं. जे ती आयुष्यभर करत आली होती तेच. त्यानंतरचं पाहायला तिथे आत्या आणि बाळं.

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. संध्याकाळचा गारठा फरशीतून मोज्यांत चढायचा. कुणीतरी कोवळ्या हरभऱ्याच्या जुड्या आणायचं आणि वाक्यांच्या मधे सगळे घाटे सोलत बसायचे. हिरव्या टरफलांचा थर व्हायचा रंगमंचावर. वहिनी बोलायला लागली की सोलणं थांबायचं. एवढं बोललं की ती स्वतःच दचकायची आणि विचारायची, “जास्त होतंय का हो भाऊजी?”

“होऊ द्या की,” मी म्हणायचो. मी तिसऱ्या अंकात डॉक्टर होतो. आमच्या नाटकांत मी कायम डॉक्टर असतो, माझ्याकडे स्वतःचा स्टेथोस्कोप आहे.

“ते लोक उठणार आहेत ना?” एकदा तिनं सरळ विचारलं.

“कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात. उठू देत. आपणही उठलो होतोच.” ती घाटा सोलत राहिली. “फक्त, पुढल्या वर्षी बघू असं मला कुणी म्हणू नका. पुढलं वर्ष त्यांचं-तुमचं. माझं नाही.”

तिच्या या एका वाक्यानं माझ्या सगळ्या तयार उत्तरांची वाट लावली. कारण आमचं इंदुरी समाधान नेहमी तेच असतं: जाऊ दे भिया, अगली बार देख लेंगे.

म्हणून मी राजदूत झालो. भंवरकुआंला गेलो. कोचिंगच्या पाट्यांखालून पाठीवर दप्तरं घेतलेली गर्दी वाहत होती, आणि एका चहाच्या टपरीवर, हेल्मेट काखेत घेऊन, केतकी उभी होती.

“काका, मी तर मागच्या साली इंदूरात पण नव्हते,” तिनं सुरुवातच अशी केली. “मला त्या बसचं काही घेणंदेणं नाही. पण आमच्या इथे सगळे रागानं भरले बसलेत. मी नाही उठवलं तर म्हणतील, नागपूरची पोरगी नरम निकली.”

“पण ज्यानं बस काढली तो आता आमच्यात नाही.”

“मग ज्यांच्यासाठी आम्ही आता बसू, ते तरी पुढल्या साली कुठे असतील? आणि तुमची नवीन कमिटी काय शिकेल? की भंवरकुआंवाले काहीही सहन करतात. काका, माफी फुकटात दिली ना, तर परंपराच बनते.” तिनं चहा एका घोटात संपवला. “तुमच्या अध्यक्षांना म्हणा, स्टेजवरून एकदा सॉरी बोला. मामला खतम.”

अगदी बरोबर बोलत होती, हा माझा खरा त्रास. चुकीच्या माणसाशी भांडायला मजा येते. बरोबर असलेल्या माणसासमोर नुसता चहा गार होतो. मी तिला नलूवहिनीचं सांगितलं. पातेलं, साडीच्या पिना, दोन अंकांतले मुके कप, बडोदा. अभिनयासह सांगितलं, टपरीवाला गाळणी धरून उभा राहिला. केतकी ऐकून म्हणाली, “काका, तुम्ही रडवायला आलात का?” आणि हेल्मेट चढवलं. “बघते. वचन नाही देत.”

मग करमरकर साहेब. त्यांच्या दिवाणखान्यात हीटरसमोर मी माफीचा प्रस्ताव मांडला.

“माझ्या कार्यकाळात न घडलेल्या गोष्टीबद्दल मी दिलगिरी व्यक्त करणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे,” साहेब म्हणाले.

“साहेब, मंडळानं उठून जायचं पाप केलं.”

“ते परांजप्यांच्या कार्यकारिणीनं केलं. मी जबाबदारी घेतली ती कारभार सुधारण्यासाठी.”

“मग भाषणात मंडळाच्या इतक्या वर्षांच्या ढाली आणि पारितोषिकं का मोजणार आहात? तीही तुमच्या कार्यकाळातली नाहीत.”

साहेबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “नंदू,” ते म्हणाले, “वारसा वेगळा आणि थकबाकी वेगळी.”

नकार मी केतकीला कळवला; पण या वाक्यावर मी आजवर किती रात्री दात चावले आहेत. आणि जी सभा भरते तिथे हेच वाक्य, चेहरा फक्त दुसरा. नव्या सेक्रेटरीच्या परवाच्या निरोपाचंच घ्या. गेल्या मोसमात आपण काही आगळीक केली का, असं मी आमच्या चार जणांना विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. एकानं खांदे उडवले, “केली असेल भिया, आपण करतोच.” तिकडच्या सेक्रेटरीला फोन केला. तो म्हणाला, “मला चार्ज घेऊन दोनच हफ्ते झालेत, पण आधीच्या लोकांनी सांगितलंय की इतकंच बसायचं.” म्हणजे शिक्षा शाबूत आहे आणि गुन्हा हरवला आहे. इतक्या काटेकोरपणे चांगुलपणा का नाही कुणी पुढच्या कमिटीच्या हातात देत? कुणीतरी ताप आलेला असताना शेवटपर्यंत बसला होता, हे कुणी का सांगत नाही नव्या माणसाला? बसलेला माणूस आठवत नाही. उठलेल्याची पाठ जन्मभर दिसते.

असो. वहिनीच्या नाटकाच्या त्या संध्याकाळी भंवरकुआंवाले आले. वेळेवर आले, नीट ओळीनं बसले, आणि याचीच मला जास्त भीती वाटली. पडद्याच्या फटीतून मला मफलर, कानटोप्या, शाली दिसत होत्या. हॉलमध्ये नॅप्थलीनचा वास, दाढीमिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास आणि मागच्या दारातून येणारा गराडूचा. पहिल्या अंकात वहिनीनं चहा दिला. दुसऱ्या अंकात वहिनीनं चहा दिला. तिच्या हातातली बशी इतकी निश्चल होती की मला उलट घाम फुटला.

इंटरवल. मी डॉक्टरच्या कोटात खिडकीशी. खाली कढईभोवती वाफा, त्यात वाफाळणारी तोंडं. खाऊन झालं. द्रोण टोपलीत पडले. काही जणांनी हात धुतले, काही जणांनी स्कूटरच्या किल्ल्या काढल्या. किल्ल्या काढलेल्या माणसाइतकं भयंकर दृश्य नाट्यक्षेत्रात दुसरं नाही. केतकी कुणाशी तरी, मग आणखी कुणाशी तरी, मान खाली घालून बोलत होती. तिसरी घंटा झाली. पडदा गेला. माझी जागा विंगेत, तिथून प्रेक्षक दिसत नाहीत. फक्त खुर्च्यांचा आवाज येतो, आणि खुर्च्या बसतानाही तशाच करकरतात जशा उठताना.

मुलांचं भांडण झालं. वहिनीनं कप खाली ठेवला. मग ती म्हणाली, “माझ्या चहात साखर किती लागते, सांगा कुणीतरी.” रंगमंचावरची तिन्ही मुलं गप्प. तिनं वाट पाहिली. तालमीपेक्षा कितीतरी जास्त वाट पाहिली. त्या शांततेत, काळोखातून, पुरुषाचा एक खोकला आला, मग बाईचं नाक ओढणं, मग एका मोठ्या जमावाचं ते न हलणं, जे रिकाम्या हॉलमध्ये कधीच ऐकू येत नाही. ते बसले होते. वहिनीलाही ते कळलं असावं, कारण तिची मान वर झाली आणि ती बोलायला लागली. मी विंगेत उभा राहून माझी एन्ट्री विसरलो. कुणीतरी ढकललं तेव्हा मी आत गेलो आणि तिला तपासायला लागलो. ती मला हळूच म्हणाली, “भाऊजी, स्टेथोस्कोप उलटा धरलाय.”

पडदा पडला. टाळ्या. मग करमरकर साहेब कागद घेऊन माइकपाशी आले. “सन्माननीय रसिकहो,” ते म्हणाले.

केतकी उभी राहिली. शाल नीट केली. तिच्यामागे तिची पूर्ण ओळ उभी राहिली, मग मागची, मग त्यामागची. घाई नाही, कुजबुज नाही. साहेब पहिल्या ढालीपर्यंत पोचायच्या आत दारात चपला शोधणं सुरू होतं. मी धावत खाली गेलो. केतकी माझ्या शेजारून जाताना थांबली.

“इतकंच ठरलं होतं आमच्यात, काका. उठायचं तर होतंच. मी म्हटलं, ज्यांनी सॉरी म्हणायला नकार दिला, त्यांच्या वेळेला उठू.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “नाटकातल्या आईला सांगा, आम्ही सगळे होतो.”

रंगपटात वहिनी आरशासमोर खोबरेल तेलानं सुरकुत्या पुसत होती. खोट्या सुरकुत्या निघत होत्या आणि खाली खऱ्या तशाच होत्या, जरा ओल्या.

“शेवटपर्यंत होते ना?” तिनं विचारलं.

“होते. सगळे.”

“आणि आता?”

“साहेबांचं भाषण चालू आहे. समोर कुणी नाही. आपलेसुद्धा सेट उतरवतायत.”

तिला हसू फुटलं, असं की दादा दारातून डोकावले. मग तिनं बोळा खाली ठेवला. “मग तुम्ही इथे काय करताय भाऊजी? जा, बसा त्यांच्यासमोर. मी चालले बडोद्याला. तुम्हाला राहायचंय इथे, सगळ्यांबरोबर.”

मी गेलो. पहिल्या ओळीत, मधोमध, चेहऱ्यावर रंग तसाच, खुर्ची ओढून बसलो. करमरकर साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हातातली पानं गोळा केली, पहिलं पान पुन्हा वर घेतलं, आणि भाषण सुरुवातीपासून वाचायला लागले.